पीसी जोडला, नेट नाही. ड्रायव्हरसाठी नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर!

बाळकुमची | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, रडकुंडीला आलेय. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी पीसी जोडला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. जुना लॅपटॉप हळदीच्या क्लिपांनाच असा तापतो की त्यावर पापड भाजावेत. म्हणून घरच्यांशी भांडून हा घाट घातला. रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा बोर्ड, ३२ जीबी रॅम. बोर्ड मुद्दाम वायफाय नसलेला घेतला आणि वायफायचं छोटं कार्ड सुटं घेतलं, लॅमिंग्टन रोडच्या एका काउंटरवर. तेवढेच पैसे वाचले.

पहिल्या झटक्यात चालू झाला! (केसच्या पत्र्याने करंगळी कापली, तो नैवेद्य धरते.) पेनड्राईव्हवरून विंडोज ११ टाकलं, सगळं सुरळीत, आणि मग तो पडदा आला: नेटवर्कला जोडा. यादी रिकामी. 'नेक्स्ट' करडं. मागेही जाता येईना. राउटरची वायर पाठीमागे खुपसली आहे, पोर्टवरचा दिवा लुकलुकतोय, तरी विंडोज म्हणतं नेट नाही. वायफायच्या नावाने तर काहीच दिसत नाही.

बोर्डाच्या खोक्यात ड्रायव्हरची डीव्हीडी आहे. डीव्हीडी! ती घालू कुठे, पोळपाटाखाली?

सोमवारी संध्याकाळी एक काम द्यायचं आहे. जागं असेल कुणी तर बघा.

मठ्ठा_जिलबी | शनिवार, रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याही नशिबी हे येणार आहे, सगळे सुटे भाग घेऊन महिना झाला, खोकी अजून पलंगाखाली.

डीव्हीडीचा एक उपयोग सांगतो: गॅलरीत टांगा, कबुतरं येत नाहीत. हलकेच घ्या.

शिफ्ट_दाबून_एफ१० | रविवार, रात्री १२:०४

सोपं आहे. त्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात 'ओओबीई\बायपासएनआरओ' टाईप करा, एंटर. मशीन रीस्टार्ट होईल आणि 'माझ्याकडे इंटरनेट नाही' असा पर्याय येईल.

ऐरोली_नाका | रविवार, रात्री १२:१३

वरच्या उपायाने विंडोजच्या आत जाता येईल, पण नेट काही येणार नाही, फक्त रडायची जागा बदलेल. शिवाय ती स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मार्चमध्ये चाचणी आवृत्त्यांमधून काढली, म्हणजे पेनड्राईव्हवर कुठली आवृत्ती आहे त्यावर ती चालणार की नाही ते ठरतं.

ताई, दिवा लुकलुकतोय म्हणजे बोर्डावरची लॅनची (वायरच्या नेटची) चिप जिवंत आहे आणि वायरही राउटरशी बोलतेय. विंडोजला मात्र त्या चिपची भाषा येत नाही (ती शिकवणारं सॉफ्टवेअर म्हणजेच ड्रायव्हर). चिप नवी आणि पेनड्राईव्हवरचं विंडोज जुनं असलं की हे हमखास होतं.

ऍन्ड्रॉइड फोन आहे ना घरात? चार्जिंगच्या वायरने पीसीच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा (पुढच्या नको, तिथली वायर आत नीट बसवली असेल याची आत्ता खात्री कुणी द्यायची). फोनमध्ये सेटिंग, हॉटस्पॉट आणि टिथरिंग, तिथे 'यूएसबी टिथरिंग' चालू करा. फोनच पीसीचं नेटवर्क कार्ड बनतो, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटात आधीपासून असतो. फोन घरच्या वायफायवर ठेवलात तर डेटा पॅकही संपत नाही. वायफायवरचंच नेट वायरीतून पीसीला जातं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

बाळकुमची | रविवार, रात्री १२:३१

माझा आयफोन आहे. लावला. पीसीला काही सोयरसुतक नाही.

ऐरोली_नाका | रविवार, रात्री १२:३५

आयफोनला ऍपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो आणायला पुन्हा नेट लागतं. दुसऱ्या कुणाचा तरी फोन घ्या.

बाळकुमची | रविवार, रात्री १२:५०

आईचा घेतला, ती झोपली आहे. पण 'यूएसबी टिथरिंग' करडं आहे, दाबलंच जात नाही. फोन चार्ज मात्र होतोय.

खारघर_डोंगरपायथा | रविवार, रात्री १२:५३

वायर बदला. नुसती चार्जिंगची वायर असणार, त्यात डेटाच्या तारा नसतात. पॉवर बँक, ट्रिमर, गळ्यातला पंखा यांच्याबरोबर येतात त्या बहुतेक तसल्याच. फोनबरोबर खोक्यातून आलेली मूळ वायर शोधा.

बाळकुमची | रविवार, रात्री १:१७

आलं!!!! पॉवर बँकेचीच वायर होती ती. मूळ वायर देव्हाऱ्याखालच्या खणात, रबरबँड लावून ठेवलेली. आईसारखं वायर जपणारं माणूस नाही.

टिथरिंग चालू करताच 'नेक्स्ट' निळं झालं. आता विंडोजच्या आत आहे, डेस्कटॉप दिसतोय. दंडवत. बाकीचं सकाळी.

एकच_नंबर | रविवार, सकाळी ८:४०

आता कशाला त्रास घेताय, ते ड्रायव्हर पॅकवालं सॉफ्टवेअर उतरवा, एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर टाकतं. मी सगळ्यांना तेच देतो.

खाडीकाठचा | रविवार, सकाळी ९:०५

आणि तुम्ही ज्यांना ज्यांना दिलंत त्यांच्या ब्राउझरच्या माथ्यावर आता तीन तीन पट्ट्या असतील, रोज 'तुमचा पीसी मंद झाला आहे' असं सांगणाऱ्या.

महापे एमआयडीसीत बोर्ड दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. एकच गोष्ट सांगतो: आधी चिपचं नाव विचारा, मग ड्रायव्हर शोधा. नाव विचारायची रीत अशी. स्टार्टवर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. 'अदर डिव्हायसेस' खाली पिवळा त्रिकोण लागलेलं 'इथरनेट कंट्रोलर' दिसेल. त्यावर दोनदा क्लिक करा, कोड २८ लिहिलेला असेल, म्हणजे ड्रायव्हरच टाकलेला नाही. मग डिटेल्सचं पान, त्यातल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. तिथे 'व्हेन' पुढे चार अक्षरं असतात, ती कंपनीची, आणि 'डेव्ह' पुढे चार, ती चिपची. व्हेन १०ईसी असेल तर रियलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, १४सी३ असेल तर मीडियाटेक. (८०८६ हा आकडा इंटेलने आपल्या जुन्या प्रोसेसरच्या नावावरून घेतला, १९७८ चा. आमच्या पिढीला तो पाठ आहे.)

ते दोन आकडे इथे लिहा.

बाळकुमची | रविवार, सकाळी १०:२२

व्हेन १०ईसी, डेव्ह ८१२५. कोड २८च.

आई उठली आणि फोन शोधत होती. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आज गोकुळाष्टमीच्या तयारीचं ठरतंय म्हणे. दोन तासांत देते सांगितलंय.

खाडीकाठचा | रविवार, सकाळी १०:३०

रियलटेकची अडीच गिगाबिटवाली चिप. आता तुमच्या बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा, मॉडेलचं पान उघडा, सपोर्ट, लॅन. एक खबरदारी: बोर्डावरच, एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत 'रेव्ह' आणि पुढे आकडा छापलेला असतो. एकाच नावाच्या बोर्डावर आवृत्ती बदलली की कधीकधी लॅनची चिपही बदलते. टॉर्च मारून वाचा आणि संकेतस्थळावर तीच आवृत्ती निवडा.

झिप उतरवून उघडा. सेटअप चालला तर उत्तम. नाहीच चालला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच पिवळ्या त्रिकोणावर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि ते फोल्डर दाखवा, आतली फोल्डरंही बघ असं टिक करून. विंडोज त्यातली आयएनएफ फाईल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) स्वतः हुडकतं.

पामबीच_पाखरू | रविवार, सकाळी १०:४१

वाचनखूण साठवली.

(नव्या विंडोजमध्ये त्या अडलेल्या पडद्यावरच 'इन्स्टॉल ड्रायव्हर' असं बटण असतं. दुसऱ्या पीसीवर ड्रायव्हर उतरवून पेनड्राईव्हवर टाकून नेला तर फोनचीही गरज पडत नाही. फक्त एक्सई (सेटअपची फाईल) नव्हे, झिप सोडवलेलं फोल्डर न्यायचं.)

बाळकुमची | रविवार, सकाळी ११:३४

झालं. वायरवर नेट आलं. पण आता नवीनच. आमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं आहे, फोनवर वायफायने पूर्ण मिळतं. पीसीवर वायरने ९४ च्या वर काही केल्या जात नाही. चार वेळा मोजलं, ९४, ९३, ९४, ९४. ड्रायव्हर चुकला का? काढून परत टाकू?

ऐरोली_नाका | रविवार, सकाळी ११:४६

अजिबात काढू नका. ९४ वर अडकणं म्हणजे पीसी आणि राउटरमधली लिंकच १०० एमबीपीएसची झाली आहे, वरचे सहा कागदपत्रांत जातात. इथरनेटच्या प्रॉपर्टीज उघडा, 'लिंक स्पीड' १००/१०० दिसेल बघा.

हे माझ्या रोजच्या भाकरीचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर. लॅनच्या वायरीत आठ तारा, चार जोड्या. १०० च्या लिंकला दोनच जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६, म्हणजे केशरी आणि हिरवी. हजारच्या लिंकला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली किंवा प्लगात पोचली नाही, तर दोन्ही टोकांची यंत्रं समजुतीने १०० वर येतात. दिवा लुकलुकतो, नेट चालतं, कुणाला पत्ता लागत नाही. लोक वर्षानुवर्षं ३०० चे पैसे भरून ९४ वापरतात आणि शिव्या आम्हाला.

वायर कुठून आणली आहे?

बाळकुमची | रविवार, दुपारी १२:०८

हॉलमधल्या राउटरपासून गॅलरीतून माझ्या खोलीत. गॅलरीच्या सरकत्या दाराच्या पट्टीखालून... आता लिहितानाच कळतंय मला.

ऐरोली_नाका | रविवार, दुपारी १२:१५

:) दाराच्या पट्टीखालून चेपते ती एक शक्यता. पण आधी प्लग बघा, तो फुकटात बघता येतो. पारदर्शक असतो. खटका मागच्या बाजूला, पितळी दात तुमच्याकडे, वायर खाली, असा धरा आणि डावीकडून वाचा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारांची टोकं पार पुढच्या भिंतीला टेकलेली हवीत.

बाळकुमची | रविवार, दुपारी १२:४०

राउटरकडच्या प्लगात शेवटची तपकिरी तार अर्ध्यातच थांबली आहे. दातापर्यंत पोचलीच नाही, भिंगाशिवाय दिसतंय. वायर ओढून जोडणाऱ्या माणसाने टाकून दिलं आणि गेला.

तात्पुरती शेजाऱ्यांकडून दोन मीटरची तयार वायर आणून पीसी हॉलमध्ये नेऊन बघितला. लिंक हजारची. १९६ आलं!

मठ्ठा_जिलबी | रविवार, दुपारी १२:४४

सोमवारचं काम हॉलमध्ये, टीव्हीसमोर, आईच्या मालिकेच्या वेळेत. शुभेच्छा.

बाळकुमची | रविवार, दुपारी १२:५०

म्हणूनच आता वायफायचं बघा ना. त्या इंटेलच्या कार्डाचं डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावच नाही.

एकच_नंबर | रविवार, दुपारी १:०२

ड्रायव्हर टाका इंटेलचा, त्यांच्या साईटवर मिळतो.

बाळकुमची | रविवार, दुपारी १:३०

टाकला. सेटअप म्हणतो, बसवण्याजोगं कार्डच सापडलं नाही. जुना टाकला, तोही तेच.

कळवा_कारशेड | रविवार, दुपारी १:३८

कार्ड नीट बसलं नसेल. काढा, सोनेरी दातांवरून शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, फुंकर नको (थुंकी उडते), सुक्या कापडाने पुसा, परत बसवा. खाडीच्या हवेत सगळं गंजतं. आमच्याकडे रॅमला दर पावसाळ्यात हे करावं लागतं.

बाळकुमची | रविवार, दुपारी ३:०५

केलं. मेन स्विच बंद करून, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून, सगळं शास्त्रोक्त. तो मुंगीएवढा स्क्रू एकदा ग्राफिक कार्डाच्या जागेत पडला, चुंबकाने काढला. कार्ड परत बसवलं. काहीही फरक नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) त्या स्लॉटचा पर्यायही चालूच आहे.

घणसोली_टर्मिनल | रविवार, दुपारी ३:२०

लिनक्सवाला आला असं म्हणून पळू नका. विंडोज काढून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकायला सांगत नाहीये. पेनड्राईव्हवर उबुंटू घ्या, त्यावरून बूट करा, 'ट्राय उबुंटू' निवडा, एसएसडीला हात लागत नाही. टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -एनएन' टाका. पीसीआय बसवर (कार्डं आणि चिपा ज्या वाटेने पीसीशी बोलतात ती) जे जे बसलंय त्याची यादी येते, ड्रायव्हर असो वा नसो. खाडीकाठचे काका म्हणाले तेच आकडे त्यात दिसतील. रियलटेकच्या ओळीत १०ईसी:८१२५ असेल. ८०८६ असलेली एखादी ओळ आहे का तेवढं बघा.

बाळकुमची | रविवार, दुपारी ४:२५

१०ईसी:८१२५ आहे. ८०८६ कुठेच नाही. दोनदा वाचली यादी.

घणसोली_टर्मिनल | रविवार, दुपारी ४:२८

मग ड्रायव्हरचा विषय संपला. लॅनच्या वेळी पिवळा त्रिकोण तरी होता, कुणीतरी दारात उभं होतं, ओळख पटत नव्हती. इथे दारात कुणीच नाही. एक तर स्लॉट मेला, नाही तर कार्ड.

खाडीकाठचा | रविवार, दुपारी ४:४०

किंवा दोन्ही धडधाकट आहेत. ताई, कार्डाच्या पत्र्यावर स्टिकर असतो. फोनने फोटो काढा, मोठा करा, मॉडेल वाचा. हे मी सकाळीच विचारायला हवं होतं.

बाळकुमची | रविवार, दुपारी ४:५२

इंटेल एएक्स२११एनजीडब्ल्यू.

खाडीकाठचा | रविवार, संध्याकाळी ५:१०

सापडलं. खोडरबर खाली ठेवा.

ते अर्धं कार्ड आहे. इंटेलने काही वर्षांपूर्वी वायफायचे दोन तुकडे केले. हिशोब ठेवणारा, पाकिटं बांधणारा भाग आपल्या प्रोसेसर-चिपसेटच्या आत नेला आणि बाहेरच्या कार्डात फक्त रेडिओ ठेवला. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. म्हणजे तुमच्या हातात आहे ते नुसतं तोंड, डोकं इंटेलच्या चिपसेटमध्ये राहतं. तुमचा बोर्ड एएमडीचा, तिथे ते डोकंच नाही. कार्ड पीसीआयवर बोलतच नाही, तर यादीत येणार कसं?

गंमत (तुमच्यासाठी नाही) अशी की दोन्ही जातींची कार्डं बाहेरून जुळी दिसतात. तीच २२ बाय ३० मिलिमीटरची लांबीरुंदी, तीच 'की-ई' नावाची खाच, तोच स्क्रू. त्यामुळे बसतं अगदी सुखाने. एएक्स मालिकेत ओळखायची खूण म्हणजे शेवटचा आकडा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही पूर्ण कार्डं, पीसीआयवर चालणारी. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही अर्धी. तुम्हाला २१० हवं.

बाळकुमची | रविवार, संध्याकाळी ५:१९

एका आकड्यासाठी माझा आख्खा रविवार?

काउंटरवरच्या माणसाला मी बोर्डाचं नाव सांगितलं होतं. म्हणाला, 'मॅडम, सगळ्यात लेटेस्ट देतो, २१० पेक्षा एक नंबर पुढचं.'

मठ्ठा_जिलबी | रविवार, संध्याकाळी ५:२१

एक नंबर पुढचं. _/\_

शिफ्ट_दाबून_एफ१० | रविवार, संध्याकाळी ५:४४

अहो, लॅपटॉपमध्येही असेच फसतात लोक. माझ्या मेव्हण्याने इंटेल लॅपटॉपमधलं २०१ काढून एएमडीच्या लॅपटॉपला घातलं आणि आठवडाभर विंडोजच परत परत टाकत बसला. त्याला मीच सांगत होतो टाक म्हणून. आज कळलं.

बाळकुमची | मंगळवार, रात्री १०:१५

काम सोमवारी रात्री पावणेबाराला गेलं. हॉलमधून, जमिनीवर बसून, मालिका संपल्यावर.

दुकानात फोन केला होता. सुटा माल परत घेत नाहीत. २१० आता ऑनलाइन मागवलंय, या वेळी स्टिकरचा फोटो मागून घेतला. या २११ चं काय करू? मासुंदा तलावात सोडू?

खारघर_डोंगरपायथा | मंगळवार, रात्री १०:३३

सोडू नका! माझ्याकडे १२व्या पिढीचा आय५ आहे, बी६६० बोर्ड, वायफायचा स्लॉट रिकामा, आणि मॅन्युअलमध्ये सीएनव्हीआय लिहिलेलं आहे. म्हणजे माझ्याकडे डोकं आहे, तोंड नाही. घेतलंत त्याच किमतीला द्या.

मठ्ठा_जिलबी | मंगळवार, रात्री १०:३५

शेवटून दुसऱ्या वाक्याची प्रिंट काढून ठेवतो.

बाळकुमची | मंगळवार, रात्री १०:४०

चालेल. शनिवारी संध्याकाळी ठाण्याला येणं होईल का? ट्रान्सहार्बरच्या फलाटावर जिन्याखाली.

खारघर_डोंगरपायथा | शनिवार, रात्री ९:१२

कळवण्यास आनंद होतो की कार्ड लावलं, विंडोजने पाच मिनिटांत स्वतःच ओळखलं. ड्रायव्हर शोधावाही लागला नाही. कार्ड गव्हाच्या पिठाच्या डबीत, कापसात गुंडाळून मिळालं, त्याबद्दल आभार. डबी परत द्यायची आहे.

बाळकुमची | शनिवार, रात्री ९:५०

माझंही २१० आलं. व्हेन ८०८६, डेव्ह २७२५, पिवळा त्रिकोण लागलेलं दिसलं तेव्हा इतका आनंद झाला की आधी फोटो काढला, मग ड्रायव्हर टाकला. वायफाय चालू, ब्लूटूथ चालू, पीसी माझ्या खोलीत परत.

काका, एकच. त्या अँटेनाच्या वायरीची टोकं तांदळाच्या दाण्याएवढीही नाहीत. पहिली दाबली तेव्हा टक्कन आवाज आला. दुसरी दाबली तेव्हा आवाजच नाही, पण ओढून बघितली तर निघत नाहीये. बसली आहे का?

खाडीकाठचा | शनिवार, रात्री १०:०२

निघत नसेल तर बसली. परत ओढून बघू नका. ती टोकं वारंवार काढघाल केली की सैल होतात. आणि केस बंद करा आता, धूळ जाते.

ऐरोली_नाका | शनिवार, रात्री १०:०६

ती तपकिरी तार राहिली आहे. बाळकुमला बुधवारी माझी फेरी आहे, नवा प्लग मारून देतो. दाराखालची वायर तेवढी वरून घ्या.

बाळकुमची | शनिवार, रात्री १०:११

या नक्की. चहा आणि पोहे पक्के. फक्त येण्याआधी आईला फोन करू नका, तिची मूळ वायर अजून माझ्या पीसीच्या मागेच लटकते आहे आणि ती आठवडाभर शोधतेय.